करू लागणे

दिल्लीच्या करोलबागेत बीडनपुरा आणि रैगरपुरा या नावांच्या दाट वस्त्या आहेत. सराफांची दुकाने पुढच्या रस्त्यावर आणि दागिने घडविणाऱ्यांच्या खोल्या मागच्या गल्ल्यांत, अशी तिथली रचना. घडविणाऱ्यांत बंगाली कारागीर पुष्कळ; परंतु मोडीत आलेले दागिने आणि कारखान्याच्या झाडलोटीत सापडणारे सोन्याचे कण वितळवून, आम्लाने शुद्ध करून देणारे हात बहुधा मराठी असतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील माण-खटाव या अवर्षणाच्या मुलखातून गलाईच्या धंद्यासाठी माणसे कित्येक पिढ्या देशभर पांगलेली आहेत. त्यांतील काहींनी दुकाने थाटली, गावी माड्या बांधल्या. त्यांच्या भट्टीवर पगाराने राबणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. एका खोलीत भट्टी, तिच्यावरच्या पोटमाळ्यावर संसार आणि लग्न होऊन आलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, असे चित्र तिथे मी अनेकदा पाहिले आहे.

या मुलीला दिवस जातात तेव्हा तिच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो, जो तिच्या आईपुढे कधी उभा राहिला नव्हता. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, ओटी भरली जाते, आणि वेणा सुरू झाल्या की आई, चुलती, शेजारीण, सुईण अशा बायका तिच्याभोवती असतात. या रीतीला आपण हौस समजत आलो. वास्तविक ती एक व्यवस्था होती: आयुष्यातील सर्वांत कठीण रात्री बाई एकटी असू नये, आणि तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारे कोणी तरी तिथे असावे, एवढ्यासाठी समाजाने केलेली. दिल्लीहून आटपाडीचा प्रवास रेल्वे आणि एसटी मिळून दीड दिवसाचा. ज्यांना तो परवडतो आणि ज्यांच्या माहेरी करणारे कोणी आहे, त्या जातात. उरलेल्या सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात जातात. कक्षाच्या दारापर्यंत नवरा येतो. दाराच्या आत ती एकटी असते.

या एकटेपणाशी माझा संबंध योगायोगाने आला. गलाईवाल्यांच्या मुलांना शिकविण्यासाठी मी त्या गल्लीत जात असे. २०१८ च्या हिवाळ्यात एके संध्याकाळी एका मुलाची काकू अडली म्हणून मला बोलावणे आले. तिला आई नव्हती. भावजयीवर भार नको म्हणून ती इथेच राहिली होती. तिला हिंदी येत नव्हते, नवऱ्याला आत प्रवेश नव्हता, आणि त्या गल्लीतील माझ्या ओळखीचे भांडवल एवढेच होते की, मला दोन्ही भाषा येत होत्या.

प्रसूतीच्या वेळी बाईजवळ एक सोबतीण असू द्यावी, असा निर्णय केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सार्वजनिक रुग्णालयांसाठी घेतला. ही सोबतीण नात्यातील असावी, स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य रोग नसावा, तिने स्वच्छ कपडे घालावेत, कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि कक्षातील इतर बायकांकडे लक्ष देऊ नये, असे तिच्यासाठी नियम आहेत. मी तिच्या नात्यातील नव्हते. मला मूल नाही. दारावरच्या बाईने विचारले, "आप कौन?" मी म्हणाले, "मौसी." मराठी मुलखातील रुग्णालयांत आयाबाईलाही मावशी म्हणतात, हे आठवून मी मनाशी थोडे समाधान करून घेतले. पण ते खोटेच होते. आत शिरतानाच मी एक नाते उसने घेतले होते, आणि उसन्या नात्याला किती अधिकार असतो हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

आत गेल्यावर पहिल्या काही मिनिटांतच भाषेचे काम समजले. ती म्हणत होती, "कळ येतीया, कळ." परिचारिका उत्तरत होती, "कल नहीं, आज ही होगा." यात कोणाचा दुष्टावा नव्हता. एका खाटेवर दोघी होत्या, परिचारिका एक होती, तिची पाळी संपत आली होती. पण मराठीत जी वेदना आहे ती हिंदीत उद्याचा दिवस होऊन त्या बाईकडे परत येत होती. मी एवढेच सांगितले की 'कळ' म्हणजे दर्द. परिचारिका हसली, तिने पोटावर हात ठेवून पाहिले आणि तिचा स्वर बदलला. पुढचे सहा तास मी विशेष काही केले नाही. कंबर चोळली, पाणी पाजले, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितले, आणि बाकीचा वेळ तिचा हात माझ्या हातात राहिला.

काही न करणाऱ्या या माणसाचा उपयोग काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्रानेही विचारलेला आहे. ग्वातेमाला या स्पॅनिशभाषक देशातील एका गर्दीच्या रुग्णालयात सोसा, केनेल, क्लाउस आदी डॉक्टरांनी पहिलटकरणींजवळ एक अनोळखी, अप्रशिक्षित बाई बसवून पाहिली. तिने बोलावे, हात धरावा, पाठ चोळावी, एवढेच. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, गुंतागुंत न झालेल्या बाळंतपणांत सोबत मिळालेल्या स्त्रिया दाखल झाल्यापासून सुमारे ९ तासांत मोकळ्या झाल्या. सोबत नसलेल्यांना सुमारे १९ तास लागले. पुढे ह्यूस्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात ४१२ स्त्रियांचा अभ्यास झाला. तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. नेहमीची देखभाल मिळालेल्या स्त्रियांत सुमारे १८ टक्क्यांना शस्त्रक्रिया करावी लागली, सोबतीण मिळालेल्यांत ८ टक्क्यांना. मला सर्वांत विचार करायला लावते ती या दोहोंमधली तिसरी तुकडी. तिच्यातील स्त्रियांजवळ फक्त एक निरीक्षक नोंदी करीत बसली होती. ती त्यांच्याशी एक शब्दही बोलत नव्हती. त्या तुकडीत हे प्रमाण १३ टक्के होते. कोणी तरी पाहते आहे, एवढ्यानेही फरक पडतो. तो त्या बाईच्या धीरामुळे पडतो, की पाहणाऱ्या डोळ्यांसमोर इतरांचे वागणे बदलल्यामुळे, हे सांगणे कठीण आहे. बहुधा दोन्हींमुळे.

अशा सोबतिणीला पाश्चात्त्य देशांत आता 'डूला' म्हणतात, आणि अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांसाठी हे काम करणाऱ्या बायका आहेत. हा शब्द डेना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ग्रीकमधून घेतला. मूळ ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दासी. आजच्या ग्रीकांना तो शब्द या कामासाठी रुचत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. मराठी वाचकाला मात्र दासी म्हटले की जनाबाई आठवते. स्वतःला नामदेवांची दासी म्हणविणाऱ्या जनीच्या जात्याला विठ्ठल हात लावतो, अशी आपली श्रद्धा आहे. या कथेत देव जनीला जात्यावरून उठवून बाजूला बसवीत नाही. तिचे दळण तिचेच राहते. खुंट्यावर आणखी एक हात येतो इतकेच. मराठीत यासाठी एक क्रियापद आहे. 'करू लागणे' म्हणजे आरंभ करणे. आणि मुलगी आईला स्वयंपाकात 'करू लागते' तेव्हा त्याच शब्दांचा अर्थ होतो तिच्या कामाला हात देणे. काम दुसऱ्याचे, आरंभ तिचा, आपण फक्त लागायचे. सोबतीचा सारा नीतिविचार या क्रियापदात आहे, असे मला आता वाटते. तेव्हा मला तो समजला नव्हता, याची हकीकत पुढे येणार आहे.

तत्पूर्वी एक गैरसमज दूर करायला हवा. माहेर आणि सुईण यांची आठवण काढली की जुने सारे चांगले होते असा सूर आपोआप लागतो. तो खरा नाही. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावल्यावर आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला सातासमुद्रापलीकडे गेल्या, त्या उगाच नव्हे. घरच्या अंधाऱ्या खोलीने असंख्य बायका गिळल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये देशातील सुमारे २६ टक्के बाळंतपणे आरोग्यसंस्थांमध्ये होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्के झाले. या बदलाने वाचविलेले प्राण कोणत्याही स्मरणरंजनापेक्षा मोलाचे आहेत.

शिवाय, त्या जुन्या सोबतीचा मानही ठेवला गेला नव्हता. पॅट्रिशिया आणि रॉजर जेफ्री व अँड्र्यू लायन यांनी दिल्लीपासून काही तासांच्या वाटेवरील बिजनौर जिल्ह्यात दाईच्या कामाचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९८९ साली आले. नाळ कापणे हे विटाळाचे, हलके काम, म्हणून ते समाजाच्या तळच्या बायकांकडे आणि मोबदलाही तसाच, असे चित्र त्यातून दिसते. आपल्या गावगाड्यातील चित्र फारसे वेगळे नव्हते. नाळ कापणाऱ्या हाताचे पाणी पुढच्या महिन्यात चालत नसे. आज तेच काम करायला माझ्यासारखी शिकलेली, मध्यमवर्गीय बाई ग्रीक नाव लावून जाते तेव्हा त्याला प्रतिष्ठा मिळते. ज्यांच्या आज्यांनी हे काम विटाळ सोसून केले त्यांचे ऋण या प्रतिष्ठेच्या हिशेबात कोठेच धरलेले नसते. ते धरल्याशिवाय या कामाला सेवा म्हणवून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आपल्याकडे या कामाचा एक वेगळा वारसाही आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसविल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावे, सुखरूप मोकळे व्हावे, आणि मूल न्यावे की तिथेच ठेवावे हे त्यांनीच ठरवावे, अशी तिथली रीत होती. त्या काळात आसरा देणे ही मोठी गोष्ट होतीच. परंतु मला त्याहून मोठी वाटते ती ही शेवटची अट. सर्व समाजाने जिला बोलण्याचा अधिकार नाकारला होता, तिचा निर्णय तिच्यावर सोडण्याचे भान त्या घराला होते. उपकार करणाऱ्याला हे भान राखणे अतिशय अवघड असते. मला ते राखता आले नाही.

त्या रात्री पहाटेच्या सुमारास मुलगी झाली. वार पडायची होती. डॉक्टरीणबाई घाईत होत्या; त्यांनी मला विचारले, "कॉपर-टी लगा दें? पूछिए इनसे." मी तिला विचारले. काय, कशासाठी, हे दोन वाक्यांत सांगितले. ती घामाने निथळत होती. म्हणाली, "मला काय कळतंय, मावशी. घरी इचारल्याबिगर..." आणि तिने डोळे मिटले. ते वाक्य तिने पुरे केले नाही. डॉक्टरीणबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. त्या क्षणी माझ्या मनात जे आले ते प्रामाणिकपणे लिहिते. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, वर्षभरात पुन्हा दिवस गेले तर हिचे हाल होतील. घरी विचारून होकार मिळायचा नाही. साधन सुरक्षित आहे, नको असेल तेव्हा काढता येते. हे सगळे मुद्दे खरे होते. मी म्हणाले, "हाँ, लगा दीजिए."

दीड महिन्याने ती मुलीला घेऊन शिकवणीच्या खोलीवर आली. अंगावर फार जात होते म्हणून ती दवाखान्यात गेली, तेव्हा तिला आत काय बसवले आहे हे प्रथम नीट समजले. ती रागावली नव्हती. मुलीला मांडीवर थोपटत तिने खालच्या आवाजात विचारले, "मावशी, मी कवा व्हय म्हनले व्हते?" मी तिला माझे सारे मुद्दे सांगितले. तिने ते ऐकून घेतले. मग म्हणाली, "न्हाईबी म्हनले नसते कदाचित. पर इचारायचं तर व्हतं." पुढे तिने ते काढून घेतले.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला. पहिले समर्थन असे सुचले की, मी तिचे हितच पाहिले. परंतु ज्या परिचारिकेला 'कळ' कळली नव्हती तिच्यात आणि माझ्यात फरक काय, असा प्रश्न पडला, तेव्हा उत्तर माझ्या विरुद्ध गेले. तिला भाषा येत नव्हती म्हणून तिने ऐकले नाही. मला येत होती आणि तरी मी ऐकले नाही. वेणांच्या भरात प्रथमच विचारून घेतलेला होकार धरू नये, ते बोलणे आधीच व्हायला हवे, हे या साधनाच्या सरकारी योजनेतही अभिप्रेत आहे. डॉक्टरीणबाईंनी घाईत ते विसरणे मी समजू शकते. पण त्या खोलीत तिचे अर्धे वाक्य समजलेली व्यक्ती एकच होती, आणि त्या व्यक्तीने ते स्वतःच्या वाक्याने पुरे केले. दुभाष्याच्या हातात ही एक सत्ता असते. तिची वाच्यता होत नाही, तिची नोंद राहत नाही, आणि ती गाजवताना आपण दया करीत आहोत असेच वाटत राहते.

दया, सेवा आणि सोबत हे शब्द आपण एकाच ओळीत वापरतो. दयेला उंची लागते. देणारा वर, घेणारा खाली. सेवा खाली वाकते, पण मी किती केले याचा हिशेब तिच्या पदरात कधी येऊन पडतो ते सेवकालाही कळत नाही. सोबतीत हे दोन्ही चालत नाही, कारण सोबतीचा मार्ग दुसऱ्याचा असतो. कोठे वळायचे हे चालणाऱ्याने ठरवायचे, सोबत्याने नव्हे. तो चुकीच्या वाटेने निघाला तर सांगता येईल, पुन्हा सांगता येईल. त्याचे पाय उचलून दुसऱ्या वाटेवर ठेवता येणार नाहीत.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतला आहे. अशा सोबतिणींमुळे रुग्णालयाच्या कठोरपणाला मऊ अस्तर लागते आणि कठोरपणा तसाच राहतो. दुभाषी नेमणे, परिचारिका वाढविणे, एका खाटेवर एकच बाई ठेवणे ही व्यवस्थेची कर्तव्ये आहेत. कोणा मावशीच्या चांगुलपणाने ती फिटत नाहीत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. सोबतीने ही कर्तव्ये झाकू नयेत, उलट जे पाहिले ते सांगावे. परंतु व्यवस्था सुधारेपर्यंत आज रात्री जिला कळा येत आहेत तिने थांबावे, असे कोणाला सांगता येईल?

आणि एक गोष्ट व्यवस्था कितीही सुधारली तरी उरेल. त्या रात्री शेजारच्या खाटेवर एका बंगाली कारागिराची बायको होती. इतर बायकांकडे लक्ष देऊ नये, असा नियम मला ठाऊक होता. तिने मध्येच हात लांब करून माझ्या साडीचा पदर धरला. मला बंगाली येत नाही. ती जे म्हणत होती त्यातले मला 'मा' एवढेच समजले. मी पदर सोडवून घेतला नाही. सोबतीला भाषा लागत नाही, हे तिने मला शिकविले. निर्णयाला भाषा लागते, आणि तिथे एक शब्दही आपला घालायचा नसतो, हे त्याच रात्री शेजारच्या खाटेवरून मला शिकता आले असते.

आता मी सातव्या महिन्यातच त्या पोटमाळ्यांवर जाऊन बसते. काय काय विचारले जाईल ते सांगते, तिला काय हवे-नको आणि कोणाला विचारून हवे ते तिच्याच शब्दांत वहीच्या पानावर लिहिते, खाली हिंदीत उतरवते, आणि पान तिच्याकडे ठेवते. कक्षात ती बोलली की तिचे वाक्य सांगते. ती गप्प राहिली तर "इन्होंने जवाब नहीं दिया है" असे सांगते. हे सांगणे सोपे नाही. डॉक्टर त्रासतात, आणि माझ्या जिभेवर उत्तर तयार असते.

गेल्या वर्षी त्या गल्लीत आटपाडीकडची आणखी एक मुलगी अडली, तेव्हा मला निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी समजले की पहिलीच तिच्याबरोबर गेली होती. इतक्या वर्षांत तिला हिंदी चांगले येऊ लागले आहे, आणि नियमाप्रमाणे ती स्वतः बाळंतपणातून गेलेली आहे. दारावर "आप कौन?" असे विचारल्यावर तिने काय सांगितले, हे मी तिला विचारले. ती म्हणाली, "गाववाली म्हनलं. खोटं कशाला बोलायचं?"